मुलाला शिकवणाऱ्यांचा नोंदणी क्रमांक विचारा

मुलाला साधे इंजेक्शन द्यायचे असले तरी तुम्ही विचारता, ‘डॉक्टर कोण आहेत? शिकलेले आहेत ना?’ मग त्याच मुलाला ऑटिझम किंवा डिस्लेक्सिया असेल, तर त्याला रोज तासभर शिकवणाऱ्या व्यक्तीचे शिक्षण का विचारत नाही? दोन-तीन वर्षे आणि हजारो रुपये त्यांच्या हाती देता, तेही एका पाटीवर विसंबून. त्या पाटीवर ‘स्पेशल एज्युकेटर’ किंवा ‘रेमेडियल टीचर’ लिहिले की झाले.

हा शब्द कुणीही लावावा असा नाही. भारतीय पुनर्वास परिषद कायदा, म्हणजे आरसीआयचा कायदा, १९९२ सालचा आहे. दिव्यांग मुलांना शिकवणारे विशेष शिक्षक त्याच्या कक्षेत येतात. त्यांचे नाव केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत असावे लागते. नोंदणीशिवाय काम केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. (हजार रुपये! इतक्यात मुलांच्या थेरपीचे दोन-तीन तासही होत नाहीत. कायदा करणाऱ्यांनीच हा विषय किती गंभीरपणे घेतला, ते यावरून कळते.)

नोंदणीसाठी आरसीआयची मान्यता असलेला अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो: बारावीनंतर दोन वर्षांचे विशेष शिक्षणातील डी.एड. किंवा पदवीनंतर विशेष शिक्षणातील बी.एड. मुलांसोबत प्रत्यक्ष काम हा त्यातला मोठा भाग असतो. पालक आपल्या फाइलीत शिक्षकांची जी प्रमाणपत्रे लावून आणतात, त्यांतली काही मात्र शनिवार-रविवारच्या ऑनलाइन कोर्सची असतात. छापील, रंगीत, सोनेरी शिक्क्याची. त्यांवर नोंदणी क्रमांक नसतो.

‘पण डॉक्टर, त्या ताई फार प्रेमळ आहेत हो,’ असे पालक म्हणतात. असतीलच. पण प्रेमाने डिस्लेक्सिया सुटत नाही. मूल ‘घ’ला ‘ध’ वाचते, ‘म’ आणि ‘भ’मध्ये गोंधळते, जोडाक्षर आले की थांबते. न शिकलेली व्यक्ती तोच शब्द वीस वेळा लिहून काढायला लावते. प्रशिक्षित शिक्षक आधी चूक कुठली आहे ते शोधतात. मुलाला आवाज वेगळे ऐकू येत नाहीत, की अक्षराचा आकार लक्षात राहत नाही, की वेलांटी-उकार जोडताना घोटाळा होतो? तिन्हींचे शिकवणे वेगळे. मग त्या मुलापुरता आराखडा करतात, ठरावीक काळाने तपासतात, बदलतात. वीस वेळा लिहिणाऱ्या मुलाला एकच गोष्ट पक्की शिकायला मिळते: आपण ‘ढ’ आहोत. पुढे हीच मुले पोटदुखीची तक्रार घेऊन दवाखान्यात येतात. पोटात काहीच नसते.

नोंदणी असली म्हणजे शिक्षक उत्तमच, असे मी म्हणत नाही. नोंदणीकृत डॉक्टरही सगळे उत्तम नसतात. तरीही तो किमान उंबरठा आहे. शिवाय प्रशिक्षण दिव्यांगत्वाच्या एका प्रकारात खास झालेले असते. श्रवणदोषाचे खास शिक्षण घेतलेल्या शिक्षकांना ऑटिझमचाही तेवढाच सराव असेल, असे गृहीत धरू नका.

आता खरा राग कुणावर काढायचा? फक्त पाटी लावणाऱ्यांवर नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकारचे दिव्यांगत्व आहे आणि विशिष्ट अध्ययन अक्षमताही त्यात येते. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ रोजी प्राथमिक वर्गांत अशा १० मुलांमागे एक आणि पुढच्या वर्गांत १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक, असे प्रमाण सांगितले. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाला पुन्हा राज्यांना पदे मंजूर करून भरा, असे बजावावे लागले. दोन वर्षे घासून शिकलेल्या माणसाला वर्षानुवर्षे कंत्राटावर ठेवायचे आणि मग ‘प्रशिक्षित शिक्षक मिळतच नाहीत’ म्हणायचे! ती मोकळी जागा पाटीवाले भरतात, आणि बिल तुम्ही भरता.

दहावीच्या सवलतींचे प्रमाणपत्र मिळाले की काही शाळाही हात झटकतात. जादा वेळ आणि लेखनिक यांमुळे पेपर पार पडतो, वाचायला येत नाही.

तेव्हा पहिल्या भेटीतच विचारा: ‘मॅडम, तुमचा आरसीआय क्रमांक काय? प्रशिक्षण कशातले? नोंदणीचे नूतनीकरण झाले आहे का?’ खऱ्या शिक्षकांना याचा राग येत नाही, उलट ते प्रमाणपत्र काढून दाखवतात. गावात कुणी नसेल तर तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांची चौकशी करा. आणि शाळेत विशेष शिक्षक नसतील तर मुख्याध्यापकांना तोंडी सांगून येऊ नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या.