नुसताच साग

गोंदियाच्या जंगलात साग आहे, तसे ऐन, धावडा, बिजा, तेंदू आणि मोहही आहेत. तरीही 1974 साली स्थापन झालेल्या वनविकास महामंडळाने मिश्र जंगल तोडून सागाची रोपवने लावण्याचाच धडाका वर्षानुवर्षे चालवला. हिशेब सरळ दिसतो: सागाला भाव आहे, रोपे रांगेत लावता येतात, घनमीटर मोजता येतात.

पण हा हिशेब अपुरा आहे. वेगवेगळ्या जातींची मुळे वेगवेगळ्या खोलीवरचे पाणी घेतात, शेंडे वेगवेगळ्या उंचीवर ऊन घेतात. म्हणून योग्य जोड्या जमल्या तर त्याच जमिनीतून एकूण वाढ जास्त मिळते. चीनमधल्या मोठ्या प्रयोगात 16 जातींच्या लागवडीने आठ वर्षांत एकजातीय लागवडीच्या सरासरीपेक्षा दुपटीहून अधिक कार्बन साठवला. एकाच जातीवर भिस्त ठेवण्यात धोकाही असतो: जर्मनीत नुसत्या स्प्रूसची सूचिपर्णी वने 2018 च्या दुष्काळानंतर सालकिड्यांनी फस्त केली. सागाची पाने खाणारी अळी आपल्याकडेही आहेच.

कोणतीही दोन झाडे शेजारी लावली की उत्पादन वाढते, असे मात्र नाही. सागाला भरपूर ऊन लागते. सोबती निवडून, अंतर राखूनच लावावे लागतात. शिवाय उत्पादन म्हणजे फक्त लाकूड, हे कोणी ठरवले? इथल्या घरात उन्हाळ्यात पैसा येतो तो मोहफुलांचा आणि तेंदूपत्त्याचा. महामंडळाने नव्या रोपवनांच्या आराखड्यात हे उत्पन्न लाकडाच्या शेजारच्याच रकान्यात मांडावे, आणि कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा, तोडण्याआधी तो आराखडा ग्रामसभेपुढे ठेवावा.