वायफायची किल्ली घरच्यांच्याच हाती हवी

26 जुलै 2008 च्या संध्याकाळी अहमदाबाद एकामागून एक झालेल्या बॉम्बस्फोटांनी हादरलं. पन्नासहून अधिक माणसं त्यात गेली. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांकडे धमकीचा ई-मेल आला होता. त्याच्या आयपी पत्त्याचा माग काढत पोलीस पोचले ते नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका फ्लॅटच्या दारात. तिथे राहणाऱ्या अमेरिकन नागरिकाची कसून चौकशी झाली, घरातले संगणक तपासासाठी गेले, देशभरच्या बातम्यांत त्याचं नाव झळकलं. त्याचा या कटाशी काडीचाही संबंध नव्हता. त्याच्या घरचं वायफाय असुरक्षित होतं आणि दुसऱ्याच कुणीतरी ते वापरून ई-मेल पाठवला होता.

पुढच्या दोन महिन्यांत असेच आणखी दोन ई-मेल गेले. एक माटुंग्याच्या एका महाविद्यालयाच्या वायफायवरून, दुसरा चेंबूरच्या एका खासगी कंपनीच्या. जानेवारी 2009 मध्ये मुंबई पोलिसांनी रस्त्यांवर फिरून उघडी वायफाय शोधायची मोहीम हाती घेतली आणि पुढच्याच महिन्यात दूरसंचार विभागानं इंटरनेट कंपन्यांसाठी सूचना काढल्या.

तेव्हापासून परिस्थिती बदलली आहे हे खरं. पासवर्डशिवाय चालणारं घरगुती वायफाय आता क्वचितच सापडतं. पण तो पासवर्ड कुणी ठेवला, तो कसा बदलायचा आणि आजवर कुणाकुणाला सांगून झाला, याचं उत्तर बहुतेक घरांत मिळत नाही. जोडणी करायला आलेला मुलगा घाईत असतो. ‘पासवर्ड काय ठेवू?’ तो विचारतो. ‘मोबाइल नंबरच ठेव, लक्षात राहील,’ असं घरातलं कुणीतरी म्हणतं. तेवढ्यावर विषय मिटतो.

हाच मोबाइल नंबर घात करतो. सायबरआर्क या कंपनीतला सुरक्षा संशोधक इडो हूरविच यानं 2021 मध्ये इस्राएलच्या तेल अवीव शहरात पायी आणि सायकलवर फिरून पाच हजार वायफाय जाळ्यांचे संदेश टिपले. त्यासाठी त्याला लॅपटॉप आणि एक स्वस्त अँटेना पुरेशी झाली. घरी बसून त्यानं त्यांतल्या सत्तर टक्क्यांहून अधिक जाळ्यांचे पासवर्ड शोधून काढले. त्यांतल्या मोठ्या वाट्याचा पासवर्ड होता मोबाइल नंबर. तिथल्या लोकांना जी सवय, तीच आपल्या पुण्या-नाशकातल्या, सांगली-जळगावातल्या घरांना आहे.

हे कसं जमतं ते समजून घ्यायला हवं. वायफायचा पासवर्ड हवेतून कधीच जसाच्या तसा जात नाही. पासवर्ड आणि जाळ्याचं नाव एकत्र करून, 4096 वेळा घुसळून त्यातून एक लांबलचक संख्या तयार होते आणि फोन व राउटर त्या संख्येच्या आधारे एकमेकांची ओळख पटवतात. ओळख पटवतानाचा हा संवाद मात्र रस्त्यावर उभं राहूनही टिपता येतो. एकदा तो हाती लागला की चोराला पुन्हा त्या घराजवळ फिरकायचीही गरज उरत नाही. आपल्या संगणकावर तो एकेक पासवर्ड लावून पाहतो आणि जुळणी होते का ते तपासतो. भारतीय मोबाइल नंबर दहा आकडी, सुरुवात 6, 7, 8 किंवा 9 नं. म्हणजे एकूण शक्यता 400 कोटी. गेमिंगसाठी मिळणारं एक तगडं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाखांच्या आसपास पासवर्ड तपासतं. हिशेब सरळ आहे: तासाभरात काम फत्ते. नंबर शेजाऱ्याला, दूधवाल्याला, सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटाला आधीच ठाऊक असतो, ती गोष्ट निराळीच.

याच कार्डासमोर इंग्रजी वर्णमालेतली बारा अक्षरं कसलाही अर्थ न लावता मांडली, तर सगळ्या शक्यता तपासायला तीन हजार वर्षं लागतील. अशी अक्षरं लक्षात राहत नसतील तर एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन अक्षरांत सलग लिहावेत. ‘कोकम टपाल हत्ती पायरी रताळं’ अशा धर्तीचे. पेपरात छापून आलेला हा नमुना मात्र कुणी वापरू नये. पासवर्ड किमान आठ आणि कमाल त्रेसष्ट अक्षरांचा चालतो, त्यामुळे जागेची चणचण नाही. मुलांची नावं, जन्मतारखा, आडनावापुढे 123, देवाचं नाव हे सगळं पहिल्या काही मिनिटांतच तपासून होतं.

कुलूप कुठल्या प्रकारचं आहे यालाही महत्त्व आहे. 1997 साली वायफायबरोबर आलेल्या डब्ल्यूईपी पद्धतीतला दोष 2001 मध्येच उघड झाला आणि 2007 मध्ये जर्मनीतल्या डार्मश्टाट इथल्या संशोधकांनी ती मिनिटभरात भेदून दाखवली. 2004 साली आलेली डब्ल्यूपीए2 आजही बहुतेक घरांत आहे आणि पासवर्ड भक्कम असेल तर ती चालते. 2018 मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए3 मध्ये ओळख पटवतानाचा संवाद टिपून घरी बसून अंदाज लावत राहण्याचा मार्ग बंद केला आहे. जुना प्रिंटर किंवा स्वस्त स्मार्ट बल्ब तिच्याशी जुळत नाही, म्हणून राउटरमध्ये दोन्ही पद्धती एकत्र चालवण्याची सोय असते. फोनवर नव्या जाळ्याखाली ‘कमकुवत सुरक्षा’ असा इशारा दिसला तर तो वाचून सोडून देऊ नये.

राउटरवरचं डब्ल्यूपीएस नावाचं बटण तर बंदच ठेवावं. पासवर्ड न टाकता फोन जोडण्यासाठी ही सोय आली. तिच्यासाठी राउटरला आठ आकडी पिन दिलेला असतो. 2011 च्या डिसेंबरमध्ये श्टेफान फीबॉक या संशोधकानं दाखवलं की राउटर हा पिन दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो. त्यामुळे दहा कोटी शक्यता उतरून अकरा हजारांवर येतात. पासवर्ड कितीही अवघड ठेवला तरी या मागच्या दारानं आत शिरता येतं.

आता घराघरांतली रोजची तक्रार: ‘वायफाय चालत नाही.’ हे एकच वाक्य चार वेगवेगळ्या बिघाडांसाठी वापरलं जातं आणि उपाय मात्र एकच केला जातो, बटण बंद करून पुन्हा चालू. आधी पाहायला हवं की घरातल्या सगळ्या फोनचं नेट गेलंय की एकाचंच. एकाचंच गेलं असेल तर त्या फोनमध्ये जुना पासवर्ड साठून राहिलेला असण्याची शक्यता मोठी. ते जाळं ‘विसरा’ म्हणून काढून टाकायचं आणि पासवर्ड नव्यानं टाकायचा. टाकताना तो दिसेल असं डोळ्याचं चिन्ह दाबून ठेवायचं, कारण शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि लहान एल, कॅपिटल आणि स्मॉल यांत हमखास गल्लत होते. लॅपटॉप ‘नेटवर्क सिक्युरिटी की’ मागतो तेव्हा त्याला हाच पासवर्ड हवा असतो.

फोन वायफायला जोडलेला दिसतोय पण इंटरनेट नाही, असं असेल तर पासवर्ड बरोबर आहे आणि बिघाड पुढे कुठेतरी आहे. तिथे पासवर्ड बदलत बसण्यात अर्थ नाही. फायबरच्या पेटीवर एलओएस लिहिलेला लाल दिवा लागला असेल तर केबल तुटली किंवा जास्त वाकली आहे. तक्रार नोंदवणं एवढंच आपल्या हातात उरतं.

रेंजचा प्रश्न वेगळा. 2.4 गिगाहर्ट्‌झची लहर भिंतींपलीकडे जाते, पण तिच्यात एकमेकांना न अडवणारे चॅनेल तीनच: 1, 6 आणि 11. वीस फ्लॅटच्या इमारतीत वीस राउटर त्या तीन चॅनेलवर दाटीवाटी करतात. मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात चालतो. 5 गिगाहर्ट्‌झ वेगवान आणि मोकळी, पण आरसीसीच्या दोन भिंती ओलांडताना तिचा दम जातो. तरीही राउटर कुठे बसतो? जिथे केबल आत आली तिथे, म्हणजे बाहेरच्या दाराशी, बुटांच्या कपाटावर किंवा माळ्यावर. घराच्या मध्यावर, उंचीला आणि उघड्यावर तो हलवला तर निम्म्या तक्रारी थांबाव्यात.

आणि राउटरमागच्या बारीक भोकात टाचणी घालणं टाळावं. रीस्टार्ट आणि रीसेट या दोन गोष्टी निराळ्या आहेत. रीसेट केलं की कंपनीनं भरलेली जोडणीची माहितीही पुसली जाऊ शकते आणि मग माणूस येईपर्यंत घर नेटविना राहतं.

वायफायच्या पासवर्डाखेरीज आणखी एक किल्ली असते, राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याची. ती बहुतेकांना माहीतच नसते. कारखान्यातून आलेली ‘अॅडमिन, अॅडमिन’ अशी जोडी वर्षानुवर्षं तशीच राहते. 2016 मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमनं अशाच साठेक तयार जोड्या लावून जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्या वर्षी 21 ऑक्टोबरला त्यांच्याच फौजेनं संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन या कंपनीवर हल्ला केला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास कोलमडल्या. लोकांच्या बैठकीच्या खोलीतली यंत्रं त्यांच्या नकळत त्यात सामील होती. फ्लॅटचा ताबा मिळाला की आपण बिल्डरनं लावलेलं कुलूप बदलतो. राउटरच्या बाबतीत तेवढंही केलं जात नाही.

हा सगळा दोष ग्राहकांच्या माथी मारणं अन्यायाचं आहे. सत्तरीतल्या आजींनी राउटरच्या इंग्रजी पानांवर शिरून सेटिंग बदलावं, अशी अपेक्षा कोण करणार? ज्या कंपन्या आणि केबलचालक दरमहा पैसे घेतात, त्यांचं हे काम आहे. जोडणी देताना जाळ्याचं नाव, पासवर्ड, राउटरची किल्ली, लाल-हिरव्या दिव्यांचा अर्थ आणि तक्रारीचा क्रमांक असा एक कागद मराठीत दिला पाहिजे. डब्ल्यूपीएस बंद करून, राउटरचं सॉफ्टवेअर अद्ययावत करूनच माणसानं घराबाहेर पडावं. ग्राहकाच्या मोबाइल नंबराचा पासवर्ड ठेवायला कंपनीनं आपल्या तंत्रज्ञाला सक्त मनाई करावी. दूरसंचार विभागानं हे सेवेच्या अटींतच घालावं, कारण सूचना काढून सोडून दिल्या की त्या खालच्या केबलचालकापर्यंत पोचत नाहीत.

तोवर सोसायट्यांना बरंच करता येईल. इमारतीत संगणक शिकणारी मुलं असतातच. एका रविवारी त्यांनी ज्येष्ठांच्या घरी जाऊन राउटरचे दोन्ही पासवर्ड त्यांच्याच हातून बदलून घ्यावेत, पाहुण्यांसाठी वेगळं जाळं सुरू करून द्यावं आणि नवे पासवर्ड घरातल्या वहीत लिहून ठेवायला सांगावेत. आणि ज्यांच्याकडे येत्या काही दिवसांत नवी जोडणी होणार आहे, त्यांनी तंत्रज्ञाला दहा मिनिटं थांबवून पासवर्ड स्वतः टाइप करावा.