गिझर घेताना शॉवरचा पन्हा विचारा

आमच्या कापडाच्या धंद्यात एक साधा नियम आहे. ग्राहकाने "कुर्त्याला किती मीटर लागेल?" असे विचारले की आम्ही आधी कापडाचा पन्हा पाहतो. ३६ इंची पन्ह्याला लागते तेवढे कापड ५८ इंचीला लागत नाही. पन्हा न पाहता मीटर सांगणारा दुकानदार एक तर नवशिका असतो, नाहीतर त्याला फक्त माल खपवायचा असतो. गिझरच्या बाजारात मात्र हाच प्रकार सर्रास चालतो.

नांदगाव खंडेश्वरसारख्या तालुक्याच्या गावीही आता नव्या घरांत बादली-मग्ग्याची जागा शॉवर घेऊ लागला आहे. आमच्या घराचे काम निघाले तेव्हा एका दुकानदाराने १५ लिटरचा गिझर दिला आणि सोबत ताटाएवढा शॉवर. मालात खोट नव्हती. पण पहिल्याच थंडीत अम्मींच्या अंगावर साबण असतानाच पाणी गार झाले. तक्रार केली तर उत्तर मिळाले, "मोठा गिझर घ्या."

मी घरीच हिशेब मांडला. टाकीचे पाणी २० अंश आणि गिझरचे ६० अंश धरले, तर दोन्ही सारखे मिसळून ४० अंशांचे आंघोळीजोगे पाणी होते. म्हणजे १५ लिटरचे ३० लिटर व्हावे. पण गरम पाणी निघते तसे खालून थंड पाणी शिरते, म्हणून दीडपटच धरावे, साधारण २२ लिटर. आमचा शॉवर मिनिटाला १५ लिटर सोडत होता. दीड मिनिटात खेळ खलास!

आता पाच मिनिटांची आंघोळ धरा. १५ लिटरच्या शॉवरला ७५ लिटर पाणी लागते, त्यासाठी गिझर हवा ५० लिटरचा. मिनिटाला ७ लिटरचा शॉवर लावला तर ३५ लिटरात काम होते आणि २५ लिटरचा गिझर पुरतो. तेवढ्याच तापमानाला ५० लिटर तापवायला सुमारे २.३ युनिट वीज लागते, २५ लिटरला त्याच्या निम्मी. शिवाय २ किलोवॅटच्या कॉइलला २५ लिटर तापवायला ३५ मिनिटे लागतात, ५० लिटरला सव्वा तासाच्या आसपास. भरल्या घरात सकाळी हा वेळ कोणाजवळ आहे?

डब्यावरच्या आकड्यावर मात्र विसंबू नका. गच्चीवरची टाकी शॉवरपेक्षा दहा फूट उंच असेल तर दाब कमीच असतो आणि धार बारीक येते. मग प्रेशर पंप गळ्यात मारला जातो. पंप लावला की धार वाढते आणि गिझर आणखी लवकर रिकामा होतो. म्हणून शॉवरखाली बादली धरा आणि घड्याळ लावून एका मिनिटाचे पाणी मोजा. त्याला आंघोळीच्या मिनिटांनी गुणा आणि दीडने भागा. जो आकडा येईल तेवढ्या लिटरचा गिझर.

हार्डवेअर आणि इलेक्ट्रिकच्या व्यापारी बांधवांना माझी विनंती आहे. गिझर विकण्याआधी "शॉवर कोणता आहे?" एवढे विचारा. कधी दहा हजारांचा माल विकण्याऐवजी काही शेकड्यांचा छोटा शॉवर विकावा लागेल. त्या दिवशी गल्ला हलका राहील, पण तोच ग्राहक पुढच्या घराची यादी घेऊन तुमच्याच दुकानाची पायरी चढेल.