खुर्ची देण्याआधी माप घ्या

जानेवारी संपत आला की कंपन्यांच्या सीएसआर विभागांना आणि गावोगावच्या सेवाभावी मंडळांना दिव्यांगांची आठवण येते. मार्चअखेरीच्या आत पैसे खर्ची पडायला हवे असतात. मग मंगल कार्यालय ठरतं, ट्रकमधून दोनशे-तीनशे व्हीलचेअर उतरतात, ओळीने मांडल्या जातात, पाहुण्यांची भाषणं होतात, फोटो निघतात आणि जेवणं उरकली की टेम्पोत, रिक्षात, जमेल तशा त्या खुर्च्या आपापल्या गावी रवाना होतात. यंदाच्या शिबिरांची जुळवाजुळव सध्या चालू असेल. निमंत्रणपत्रिका छापून येण्याआधी आणि खरेदीच्या ऑर्डरवर सही होण्याआधी हे तुमच्या नजरेस पडावं, म्हणून घाईने लिहीत आहे.

विनंती एकच आहे. माप घेतल्याशिवाय कुणालाही व्हीलचेअर देऊ नका.

डोळे तपासल्याशिवाय कुणी चष्मे वाटत नाही. खुर्चीच्या बाबतीत मात्र आपण सर्रास तेच करतो आणि चुकीच्या खुर्चीने होणारा अपाय चुकीच्या चष्म्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. कण्याला इजा झालेल्या माणसाला इजेच्या खालचं शरीर जाणवत नाही. तुम्ही-आम्ही बराच वेळ एका जागी बसलो की नकळत बूड सरकवतो, कारण दुखायला लागतं. त्याला दुखतच नाही. बसण्याच्या हाडांखाली कातडी दाबली जाते, तिथलं रक्त थांबतं, जागा आधी लाल होते, मग काळी पडते, मग फुटते. हाच बेडसोअर. वरून लहानशी दिसणारी जखम आत हाडापर्यंत पोचलेली असू शकते आणि तिथून जंतू रक्तात जातात. १९४४ साली इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी दर दोन तासांनी कूस बदलण्याची शिस्त बसवली. त्याआधी कण्याची इजा झालेले बहुतेक रुग्ण काही महिन्यांत, फार तर दोन-तीन वर्षांत, बेडसोअरने नाहीतर लघवीच्या संसर्गाने दगावत असत. सुपरमॅनची भूमिका करणारा ख्रिस्तोफर रीव्ह घोड्यावरून पडून लुळा झाला. पैशाला आणि शुश्रूषेला त्याच्याकडे तोटा नव्हता. तरी २००४ साली तो गेला, तेव्हा बेडसोअरच्या संसर्गावरच उपचार चालू होते.

आता आपण वाटतो ती खुर्ची पाहा. क्रोमची, घडीची, रेक्झिनच्या झोळीसारख्या बैठकीची. ही खुर्ची दवाखान्यातली आहे. वॉर्डातून एक्स-रेच्या खोलीपर्यंत वॉर्डबॉयने गुळगुळीत फरशीवरून ढकलत न्यावी आणि परत आणावी, एवढ्यासाठी ती केलेली. दिवसाचे दहा-बारा तास तीत बसून काढायचे नसतात. बैठक बहुधा अठरा इंची, सगळ्यांना तीच. अंगाने बारीक बाई तीत एका बाजूला कलते आणि वर्ष-दोन वर्षांत कणाही तिकडेच वाकतो. बैठक मांडीपेक्षा लांब असली तर गुडघ्यामागे कड रुतते, म्हणून माणूस पुढे घसरतो आणि सगळा भार माकडहाडावर येतो. हात ठेवायच्या दांड्या पक्क्या जोडलेल्या असल्या तर खुर्चीतून पलंगावर सरकता येत नाही, दर वेळी कुणीतरी उचलावं लागतं. पुढची चाकं लहान, कडक. कोकणातल्या जांभ्याच्या पाखाडीवर किंवा मराठवाड्यातल्या काळ्या मातीत पावसाच्या दिवसांत ती फिरवून दाखवा. आणि हे सगळं जमलं तरी घराचं दार, संडासचं दार खुर्चीपेक्षा अरुंद निघालं तर खुर्ची ओटीवरच राहते. संडासपर्यंत पोचता येत नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या बायका आहेत. त्यांच्या लघवीच्या संसर्गाचं मूळ तिथे असतं.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाची गत आणखी वाईट. मान आणि धड सावरायला आधार नसलेल्या मोठ्या खुर्चीत ते मागे कलंडलेलं असतं. तशा स्थितीत भरवलेला घास अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जाऊ शकतो.

‘काहीच नसण्यापेक्षा काहीतरी बरं’ हे मी बऱ्याच ठिकाणी ऐकलं आहे. काही जणांच्या बाबतीत ते खरंही आहे. गुडघे गेलेल्या, अंगात संवेदना शाबूत असलेल्या आजीला दुपारी अंगणात नेऊन बसवायला साधी घडीची खुर्ची पुरते, तिला ती जरूर द्या. पण कुणाला पुरते आणि कुणाला घातक, हे समोरच्या माणसाला तपासल्यावरच ठरतं. शिबिरात हीच तपासणी वगळलेली असते. नावनोंदणीच्या टेबलावर आधार कार्ड बघितलं जातं, पाठ बघितली जात नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात ८ कोटी लोकांना व्हीलचेअरची गरज आहे आणि त्यांतल्या ५ ते ३५ टक्क्यांनाच ती मिळते. म्हणजे खुर्च्या कमी पडतात हे खरंच आहे. पण याच संघटनेने २००८ साली गरीब देशांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत खुर्ची देण्याच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत: नाव नोंदवणं, तपासणं, कोणती खुर्ची ते ठरवणं, पैशाची सोय करून ती मागवणं, तयार करणं, बसवून पाहणं, वापरायला शिकवणं आणि नंतर दुरुस्ती व पाठपुरावा. आपलं शिबिर यांतल्या एक-दोन पायऱ्या उरकतं आणि पेपरात बातमी देतं.

आपल्यासारख्याच गरिबीत हे नीट करून दाखवलेली माणसं आहेत. व्हॅलरी टेलर ही ब्रिटिश फिजिओथेरपिस्ट १९६९ साली पूर्व पाकिस्तानात आली. बांगलादेश झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की कण्याच्या रुग्णांना ठेवून घेणारी जागाच देशात नाही. १९७९ साली ढाक्यातल्या एका सरकारी रुग्णालयाच्या आवारात, सिमेंट साठवायच्या पडीक गोदामात, चार रुग्णांवर तिने सुरुवात केली. तेच आज सावरचं सीआरपी, पक्षाघात झालेल्यांचं पुनर्वसन केंद्र. तिथे येणारे लोक झाडावरून पडलेले असतात, डोक्यावर जड ओझं असताना कोसळलेले असतात. आंब्या-नारळाच्या हंगामात आपल्या कोकणातही हेच होतं. केंद्राचा स्वतःचा कारखाना आहे, खुर्च्या तिथेच होतात. रुग्णाला घरी पाठवण्याआधी खुर्चीतून उतरायचं कसं, चढायचं कसं, कातडी रोज आरशात कशी तपासायची, हे त्याच्या अंगवळणी पाडतात आणि पोटापाण्याचं काही शिकवतात. खुर्ची हा त्या सगळ्यातला एक भाग आहे.

राल्फ हॉचकिस हा अमेरिकन इंजिनिअर १९६६ साली मोटारसायकलच्या अपघातानंतर स्वतः व्हीलचेअरवर आला. १९८० पासून निकाराग्वापासून आफ्रिकेपर्यंत फिरून त्याने स्थानिक वर्कशॉपांना खुर्च्या बनवायला शिकवलं. बाजारात मिळणाऱ्या लोखंडी नळ्या, सायकलची मागची चाकं आणि पुढे रुंद रबरी चाकं. मोडली तर गावातला सायकलवाला किंवा वेल्डिंगवाला दुरुस्त करील, हा त्यातला हिशेब. परदेशातल्या आपल्या मंडळांनी हे मुद्दाम ध्यानात घ्यावं. तिकडच्या रुग्णालयांतून निघालेल्या खुर्च्या कंटेनर भरून पाठवण्याचा उत्साह समजू शकतो, पण त्यांचा टायर सांगलीच्या बाजारात मिळत नाही. एक ट्यूब गेली की ती खुर्ची गोठ्यात जाते.

आणि जयपूर फूट. १९६०च्या दशकाच्या शेवटी कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तो घडवला, कारण परदेशी कृत्रिम पाय घालून आपल्या माणसाला उकिडवं बसता येत नव्हतं, अनवाणी शेतात उतरता येत नव्हतं. माणूस कसा बसतो हे आधी पाहिलं आणि मग वस्तू केली. पण पायाचंही एकदाच देऊन भागत नाही. कापलेल्या पायाचा उरलेला भाग पहिल्या वर्षात आक्रसतो आणि सॉकेट ढिलं होतं. वाढत्या मुलाला सहा महिने ते वर्षाने नवा पाय लागतो, मोठ्या माणसाला तीन ते पाच वर्षांनी. काबूलमध्ये आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसच्या केंद्रात अल्बर्टो कायरो यांनी १९९० पासून हेच काम लावून धरलं आणि नोकरीवर माणसं घेतली ती बहुतेक त्यांच्याच जुन्या रुग्णांमधली. माप कुणी घ्यायचं, या प्रश्नाचं याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही. आपल्याकडे कोल्हापूरला नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली, ती स्वतः व्हीलचेअरवर बसून. त्यांच्या आत्मकथनाचं नावच ‘चाकाची खुर्ची’ आहे. खरेदी समितीत अशी एक व्यक्ती बसवा. अठरा इंची खुर्च्यांचा घाऊक दर ऐकून ती जे बोलेल, ते ऐकून घ्या.

कंपन्यांचे अधिकारी म्हणतात, पटतं हो, पण ३१ मार्च तोंडावर आहे. ही सबब कायद्याने काढून घेतलेली आहे. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे काम ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर केलं असेल, तर न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या खात्यात टाकून पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरता येते. म्हणजे तपासणी, खुर्ची, कातडीवरचा दाब कमी करणारी उशी, प्रशिक्षण आणि तीन वर्षांची दुरुस्ती असा एकच प्रकल्प सरळ बसतो. तुमच्या सीएला विचारा. घाई कायद्याची नसते, फोटोची असते. (आणि हो, खुर्चीच्या पाठीवर कंपनीचं नाव रंगवू नका. तो माणूस लग्नाकार्यालाही त्याच खुर्चीतून जातो.)

ज्यांच्या हातात कंपनी नाही त्यांनाही करण्यासारखं बरंच आहे. केंद्र सरकारच्या एडिप योजनेत एकदा साधन मिळालं की पुढचं तीन वर्षांनी मिळतं, बारा वर्षांखालच्या मुलांना एका वर्षाने. मधल्या काळात बेअरिंग गेलं, स्पोक तुटले, तर खर्च घरच्यांनी करायचा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. येत्या ग्रामसभेत उठून विचारा, की तो दुरुस्तीसाठी का वापरता येऊ नये. गावातल्या सायकलवाल्याशी वर्षाचं ठरवून टाका. फिजिओथेरपी महाविद्यालयांच्या प्राचार्यांनी शेवटच्या वर्षाची मुलं तालुक्याला दोन दिवस पाठवली तरी शेकडो मापं होतील. घरात गेलेल्या माणसाची खुर्ची पडून असेल तर ती शेजारी देऊ नका, पुनर्वसनाचं काम करणाऱ्या जवळच्या संस्थेत द्या. ती कुणाला चालेल ते तिथे पाहतील.

देणगी मागायला येणाऱ्या संस्थेला ८०जी प्रमाणपत्राबरोबर आणखी काही विचारा. माप कोण घेणार आणि त्याचं शिक्षण काय? खुर्च्या किती मापांच्या आहेत? संवेदना नसलेल्यांना उशी मिळणार का, की ‘घरची उशी घ्या’ म्हणणार? पुढच्या वर्षी टायर गेला तर फोन कुणाला करायचा? गेल्या वर्षी दिलेल्यांपैकी किती खुर्च्या आज वापरात आहेत? या शेवटच्या प्रश्नाला अवघडलेलं हसू मिळालं, तर चेकबुक बंद करा आणि दुसरी संस्था शोधा. चांगल्या संस्था हा प्रश्न विचारल्यावर वही उघडतात. त्यांना पैसे हवेत ते बहुधा तंत्रज्ञाच्या पगारासाठी, गावोगाव फिरणाऱ्या गाडीच्या डिझेलसाठी, फोमसाठी आणि बेअरिंगसाठी. अशा खर्चावर कुणाचं नाव कोरता येत नाही, म्हणून त्याला दाते मिळत नाहीत. तुम्ही तो दाता व्हा.

पाचशे खुर्च्यांची ऑर्डर मनात असेल तर अडीचशेची द्या. वेगवेगळ्या मापांच्या मागवा, प्रत्येकीबरोबर उशी मागवा, उरलेले पैसे तपासणी आणि दुरुस्तीसाठी त्याच संस्थेकडे तीन वर्षं ठेवा. आणि पुढच्या फेब्रुवारीत, कॅमेरा न घेता, त्यांतल्या दहा घरी स्वतः जाऊन या.