शब्दांची ओळख : पँडेमोनियम

पावसाळा आला की मावळ-लोणावळ्याच्या बातम्यांबरोबर इंग्रजी वर्तमानपत्रांतून एक भारदस्त शब्द आपल्या घरात येतो : पँडेमोनियम. मुले अर्थ विचारतात आणि आपण ‘गोंधळ’ असे सांगून मोकळे होतो. पण प्रत्येक गोंधळ म्हणजे पँडेमोनियम नव्हे.

हा शब्द इंग्रज कवी मिल्टनने घडवला. १६६७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पॅराडाइज लॉस्ट’ या महाकाव्यात त्याने सैतानाच्या राजधानीला हे नाव दिले. ग्रीक भाषेतील ‘सर्व’ आणि ‘दैत्य’ या अर्थांच्या शब्दांपासून ते बनले आहे. पुढे त्याचा अर्थ बदलत आजच्या हलकल्लोळापर्यंत आला.

कपाट विस्कटले किंवा घाटात गाड्या अडकल्या, तर इंग्रजीत ‘केऑस’ म्हणता येईल. पँडेमोनियम म्हणायला गर्दी, आरडाओरडा आणि घबराट हवी. त्याच्याआधी सहसा ‘अ’ लावत नाहीत. ‘पँडेमोनियम ब्रोक आउट’ म्हणजे एकाएकी हलकल्लोळ माजला.

१५ जून २०२५, रविवार. मावळातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने भरला होता. तो कोसळला. चार जण मरण पावले, पन्नासहून अधिक जखमी झाले. त्या घटकेला हा शब्द लागू पडतो.

त्याच्या आदल्या वर्षीचा ३० जूनही रविवारच होता. लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात पाण्याचा लोंढा अचानक वाढला आणि हडपसर भागातून आलेल्या एका मुस्लिम कुटुंबातील पाच जण वाहून गेले : एक स्त्री आणि चार मुले. एकमेकांना घट्ट धरून उभे असलेले ते जीव आपल्यापैकी अनेकांनी मोबाईलवर पाहिले. काठावर ओरडणारे पुष्कळ होते, पण पाण्यापुढे कोणाचे काही चालले नाही. अल्लाह मरहूमांची मगफिरत करो.

आपल्या भाषेत यासाठी ‘हंगामा’ आहे. तो फारसीतून आला आणि ‘हंगाम’ही तिथूनच. हंगाम म्हणजे वेळ, ऋतू. हंगामा म्हणजे गर्दी, गलका. दोन्ही एकाच घरचे. लोणावळ्यात दर पावसाळ्यात ते हातात हात घालून येतात.

असे काही घडले की आपण सहज म्हणतो, ‘सैतानाने डाव साधला.’ पण मिल्टनच्या काव्यातले सैतान त्या राजधानीत चक्क सभा भरवतात आणि एकामागून एक बोलतात! दंगा तिथे नाही. धोक्याची पाटी ओलांडणारे, अरुंद पुलावर दुचाकी घालणारे, आधीच भरलेल्या पुलावर आणखी चढणारे आपणच असतो. मोडकळीला आलेला पूल वेळेवर न बदलणारीही माणसेच.

‘अल्लाह राखणारा आहे’ यावर आपला ईमान आहेच. पण आधी उंट बांधा आणि मग तवक्कुल करा, ही आपल्या रसूल ﷺ यांची शिकवण आहे. सहलीत उंट बांधणे म्हणजे मुलांना वाहत्या पाण्यात न उतरवणे, डोंगरावर पाऊस वाढताच काठ सोडणे आणि गर्दी दिसली तर पुलाच्या अलीकडूनच माघारी फिरणे. त्यात कमीपणा नाही.

मुलांना पँडेमोनियमचे स्पेलिंग जरूर शिकवू या. त्याचा अर्थ मात्र त्यांना शब्दकोशातूनच कळो, आमीन.