नवनिर्मितीची समाप्ती की नव्या खोतीचा प्रारंभ?

दरवर्षी सप्टेंबर महिना उजाडला की अमेरिकेतील ॲपल कंपनीचा नवा फोन जाहीर होतो आणि त्याच्या पाठोपाठ एक जुना विलापही ऐकू येतो. कंपनीची कल्पकता आटली, स्टीव्ह जॉब्स २०११ साली गेले आणि प्रतिभाही त्यांच्याबरोबर गेली, आता दरवर्षी तोच फोन, फक्त कॅमेरा थोडा मोठा! भांडवली वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पानांवर असा विलाप व्हावा यात नवल नाही. नवल याचे वाटते की, समाजवादी चळवळीतील काही तरुण कार्यकर्तेही तो मोठ्या उत्साहाने उचलून धरतात. भांडवलशाहीच्या शिरोमणीलाच काही सुचेनासे झाले, तेव्हा व्यवस्थेचा शेवट जवळ आला, असा सोयीस्कर निष्कर्ष ते काढतात. शेअर बाजाराचा विलाप आणि कार्यकर्त्यांचा हा आनंद, दोन्ही एकाच गैरसमजावर उभे आहेत.

आरोपाला आधार नाही असे नाही. २००१ मध्ये आयपॉड, २००७ मध्ये आयफोन, २०१० मध्ये आयपॅड अशी दहा वर्षांतील तीन यंत्रे सांगता येतात. त्यानंतर घड्याळ आले, बिनतारी कर्णयंत्रे आली, पण लोकांच्या जगण्याची रीत बदलणारे काही आले नाही. सुमारे दहा वर्षे गुप्तपणे चाललेला मोटारगाडीचा प्रकल्प गुंडाळल्याचे वृत्त फेब्रुवारी २०२४ मध्ये आले. त्याच महिन्यात ३,४९९ डॉलर किमतीचे ‘व्हिजन प्रो’ हे डोळ्यांवर चढवण्याचे यंत्र विक्रीस निघाले. ते सामान्य ग्राहकासाठी नव्हतेच. जून २०२४ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठ्या घोषणा झाल्या आणि त्यांतील मुख्य भाग, म्हणजे ‘सिरी’ या बोलक्या साहाय्यकाची सुधारणा, मार्च २०२५ मध्ये पुढे ढकलावी लागली.

तथापि एवढ्यावरून ‘नवनिर्मिती थांबली’ म्हणणे हे अज्ञान ठरेल. नोव्हेंबर २०२० मध्ये कंपनीने स्वतः आराखडा केलेली ‘एम-वन’ ही चिप संगणकात बसवली आणि इंटेलवरील अवलंबन संपवण्यास आरंभ केला. कमी विजेत अधिक काम करणारी ही चिप कोणत्याही निकषावर अभियांत्रिकीचे मोठे काम आहे. (ती प्रत्यक्ष घडते तैवानमधील कारखान्यात, ही गोष्ट निराळी.) २०११ मध्ये संशोधनावर सुमारे २४० कोटी डॉलर खर्चणारी ही कंपनी २०२४ च्या आर्थिक वर्षात ३,१०० कोटी डॉलरांहून अधिक खर्च करीत होती. अभियंते आहेत, प्रयोगशाळा आहेत, पैसाही आहे. तेव्हा प्रश्न बुद्धीच्या दुष्काळाचा नाही. या बुद्धीला कोणत्या कामाला जुंपले आहे आणि तिच्यातून निघालेला वाढावा कोठे जातो, हा खरा प्रश्न आहे.

वाढावा कोठे जातो हे कंपनीचे हिशेबच सांगतात. २०२४ च्या आर्थिक वर्षात विक्री सुमारे ३९,१०० कोटी डॉलर, निव्वळ नफा सुमारे ९,३७० कोटी डॉलर. त्याच वर्षी कंपनीने स्वतःचेच शेअर बाजारातून परत विकत घेण्यासाठी सुमारे ९,५०० कोटी डॉलर घातले, म्हणजे नफ्याहूनही अधिक! २०१३ ते २०२४ या बारा आर्थिक वर्षांची बेरीज केली तर परतखरेदीची रक्कम ७०,००० कोटी डॉलरांच्या पुढे जाते आणि संशोधनाची २०,००० कोटींच्या आसपास राहते. संशोधनाच्या प्रत्येक डॉलरामागे साडेतीन डॉलरांहून अधिक पैसा शेअरचे भाव फुगवण्यासाठी गेला. बाजारातील शेअरांची संख्या घटवली की प्रत्येक शेअरमागचा नफा आपोआप वाढलेला दिसतो. त्यासाठी एकही नवी वस्तू निर्माण करावी लागत नाही. आणि ज्या अधिकाऱ्यांचे वेतन मुख्यतः शेअरांच्या रूपाने मिळते, तेच हा निर्णय घेत असतात.

‘भागधारकांनी भांडवल पुरवले, त्यांचे त्यांना परत मिळते, यात गैर काय?’ असे उत्तर यावर दिले जाते. हा युक्तिवाद मुळातच लंगडा आहे. डिसेंबर १९८० मध्ये कंपनीने प्रथम जनतेला शेअर विकले, तेव्हा तिला सुमारे दहा कोटी डॉलर मिळाले. आज शेअर बाळगणाऱ्या बहुतेकांनी कंपनीला एक पैही दिलेली नाही. त्यांनी शेअर दुसऱ्या शेअरवाल्याकडून घेतले आहेत. २०१३ मध्ये कार्ल आयकान या धनाढ्य सट्टेबाजाने शेअर घेतले आणि लगेच १५,००० कोटी डॉलरांच्या परतखरेदीची मागणी केली. त्याने कोणत्या शोधाला हातभार लावला होता? अशा प्रचंड परतखरेदीला १९८२ पर्यंत अमेरिकेत बाजारभाव कृत्रिमपणे फिरवल्याच्या आरोपाची धास्ती असे. त्या वर्षी रेगन राजवटीत शेअर बाजार नियामकाने नियम बदलून तिला संरक्षण दिले. विल्यम लाझोनिक यांच्यासारखे अर्थशास्त्रज्ञ गेली कित्येक वर्षे ही गोष्ट सांगत आहेत.

खरे भांडवल कोणी पुरवले? मारियाना माझुकातो यांनी २०१३ च्या ‘द आंत्रप्रेन्युरियल स्टेट’ या पुस्तकात आयफोनचा एकेक भाग उलगडून दाखवला आहे. इंटरनेटचे मूळ १९६९ च्या आर्पानेट या अमेरिकन संरक्षण खात्याच्या जाळ्यात आहे. वेब जन्मली ती जिनीव्हाजवळच्या ‘सर्न’ या युरोपीय सरकारांच्या प्रयोगशाळेत. फोनला जागा दाखवणारी जीपीएस अमेरिकन सैन्याने उभारली. ‘सिरी’चा उगम संरक्षण खात्याच्या पैशावर २००३ पासून चाललेल्या संशोधनात आहे. अनेक बोटांचा स्पर्श एकाच वेळी ओळखण्याचे तंत्र डेलावेअर विद्यापीठातील एका प्राध्यापकाने व त्याच्या विद्यार्थ्याने विकसित केले. त्यांची छोटी कंपनी ॲपलने २००५ मध्ये विकत घेतली. आयपॉडमधील इवल्याशा चकतीत हजारो गाणी मावली ती ज्या चुंबकीय शोधामुळे, त्यासाठी फ्रान्सचे आल्बेर फेर व जर्मनीचे पेटर ग्रुनबर्ग यांना २००७ चे नोबेल मिळाले. दोघेही सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थांतील शास्त्रज्ञ. जॉब्स यांचे कर्तृत्व या सर्वांची सुबक मोट बांधण्यात होते. ते थोर होते, याबद्दल वाद नाही. परंतु मोटेत जे बांधले ते समाजाचे होते.

या समाजाला परतावा काय मिळाला? युरोपीय आयोगाने २०१६ मध्ये दाखवून दिले की, ॲपलच्या आयर्लंडमधील एका उपकंपनीने २०१४ साली युरोपातील नफ्यावर ०.००५ टक्के दराने कर भरला. म्हणजे दहा लाख युरोंच्या नफ्यावर पन्नास युरो. आयर्लंडचे सरकार स्वतःच कंपनीच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले! १,३०० कोटी युरोंची थकबाकी वसूल झालीच पाहिजे, असा अंतिम निकाल लागण्यास सप्टेंबर २०२४ उजाडावे लागले.

आता कंपनीच्या उत्पन्नाचे रूप पाहा. वस्तू विकून शंभर डॉलर आले तर थेट खर्च वजा जाता सुमारे ३७ उरतात. ‘सेवा’ या सदराखाली शंभर आले तर सुमारे ७४ उरतात. २०२४ मध्ये या सेवांचे उत्पन्न ९,६०० कोटी डॉलरांवर गेले. या सेवांतील मोठा भाग म्हणजे ॲप स्टोअरचे कमिशन. फोन ग्राहकाने पुरती किंमत देऊन घेतलेला असतो. त्यावरची ॲप्स तिसऱ्याच कोणी श्रमाने तयार केलेली असतात. तरीही त्यांत होणाऱ्या डिजिटल विक्रीतून तीस टक्के कंपनीचे. (२०२१ पासून छोट्यांना पंधरा टक्क्यांची सवलत आहे, तीही बरीच ओरड झाल्यावर.) हा व्यवहार महाराष्ट्राच्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. कोकणात याला खोती म्हणत. जमीन कसणारा कुळ, सारा मागणारे सरकार, आणि मध्ये बसून पिकातील वाटा घेणारा खोत. चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षे जमिनी पडीक ठेवल्या आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सप्टेंबर १९३७ मध्ये मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले, ते ‘खोत आळशी झाला, नवी पिके काढत नाही’ अशा तक्रारीसाठी नव्हे. वाटा घेण्याचा त्याचा हक्कच त्यांना अमान्य होता.

खोत आपला हक्क सहजासहजी सोडीत नसतो. बाहेरच्या मार्गाने पैसे भरण्याची सोय ग्राहकाला दाखवू द्या, असा आदेश कॅलिफोर्नियातील न्यायालयाने २०२१ मध्ये दिला. तो अमलात आणताना कंपनीने बाहेरच्या व्यवहारावरही २७ टक्के कमिशन लावले आणि ग्राहक बिचकेल अशा इशाऱ्यांचे पडदे उभे केले. एप्रिल २०२५ मध्ये न्यायाधीशांनी हा हेतुपुरस्सर केलेला न्यायालयाचा अवमान ठरवला. असले पडदे रचण्यासाठीही कुशल माणसेच लागतात. नवनिर्मिती चालू आहे ती ही!

याहून बोलका व्यवहार गूगलचा. आयफोनच्या सफारीत शोधयंत्र म्हणून आपोआप गूगलच उघडावे, यासाठी गूगलने २०२२ या एका वर्षात ॲपलला २,००० कोटी डॉलर दिले, हे अमेरिकन सरकारने गूगलविरुद्ध लढवलेल्या मक्तेदारीच्या खटल्यात उघड झाले. त्या वर्षीचा ॲपलचा सारा संशोधनखर्च सुमारे २,६०० कोटी होता. स्वतःचे शोधयंत्र बांधण्याची ऐपत असलेल्या जगातील मोजक्या कंपन्यांत ॲपल मोडते. ते बांधले तर खर्च आणि जोखीम, न बांधले तर घरबसल्या दोन हजार कोटी. कोणता मालक पहिला मार्ग धरील? थॉर्स्टाइन व्हेब्लेन यांनी १९२१ मध्येच दाखवले होते की, उद्योगाचा धनी आणि अभियंता यांचे हित एक नसते. नफ्यासाठी कार्यक्षमता जाणूनबुजून रोखून धरणे हा धंद्याचा नित्याचा भाग असतो. डिसेंबर २०१७ मध्ये कंपनीने कबूल केले की, बॅटरी जुनी झालेल्या फोनांची गती ती सॉफ्टवेअरद्वारे कमी करीत होती. फोन अचानक बंद पडू नये म्हणून, असे तिचे स्पष्टीकरण. ते ग्राह्य धरले तरी ग्राहकाला हे आधी का सांगितले नाही? बॅटरी बदलली की फोन पूर्ववत चालतो हे कळले असते तर नव्या फोनाची गरज अनेकांना भासली नसती. याच लपवाछपवीबद्दल फ्रान्सने २०२० मध्ये अडीच कोटी युरोंचा दंड केला. उलट सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोनला इतर फोनांसारखेच चार्जिंगचे तोंड आले, ही ग्राहकाच्या खरोखर उपयोगाची सुधारणा. आणि ती युरोपीय संसदेच्या कायद्यामुळे करावी लागली.

या विश्लेषणाचा भारताशी संबंध फार निकटचा आहे. आयफोन आज तमिळनाडू व कर्नाटकात जुळवले जातात आणि त्याचा गौरव राष्ट्रीय पराक्रम म्हणून होतो. एप्रिल २०२३ मध्ये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात कंपनीचे भारतातील पहिले दुकान उघडले, तेव्हा वृत्तपत्रांचे रकाने दरवाजापुढील रांगांच्या वर्णनांनी भरले. कोलार जिल्ह्यातील नरसापूरच्या विस्ट्रॉन कारखान्यात डिसेंबर २०२० मध्ये वेतनाच्या तक्रारींवरून कामगारांचा उद्रेक झाला. नंतर कंपनीनेच वेतन वेळेवर न मिळाल्याचे मान्य केले. डिसेंबर २०२१ मध्ये श्रीपेरुंबुदूर येथील फॉक्सकॉनच्या स्त्री-कामगारांना वसतिगृहातील अन्नातून विषबाधा झाली, दीडशेहून अधिक जणींना रुग्णालयात न्यावे लागले, आणि त्यांच्या सोबतिणींनी चेन्नई-बंगळूर महामार्ग अडवला. भोजनगृहे व निवास आपल्या मानकांप्रमाणे नव्हते, हे ॲपलनेही मान्य केले. शेअरांच्या परतखरेदीला ज्या वर्षी सुमारे ८,६०० कोटी डॉलर होते, त्या वर्षी या मुलींच्या स्वच्छ जेवणाला आणि झोपण्याच्या जागेला पैसा नव्हता.

तेव्हा ‘ॲपल संपली’ म्हणून टाळ्या पिटणाऱ्या कार्यकर्त्यांनी हे ध्यानात घ्यावे की, कंपनी संपलेली नाही. वसुली करणारी मक्तेदारी ही कल्पक भांडवलदाराहून दुबळी असते, असे इतिहास सांगत नाही. खोती शतकानुशतके टिकली. नव्या यंत्रांची वाट पाहणे हा शेअर दलालांचा उद्योग आहे. चळवळीने मागण्या मांडावयाच्या त्या निराळ्या. सरकारी प्रोत्साहन अनुदान घेणाऱ्या प्रत्येक कारखान्यात कायम नोकरी आणि कामगार संघटनेला मान्यता, ॲप व्यवहारांवरील कमिशनला कायद्याने मर्यादा, सुटे भाग सर्वांना खुले करून दुरुस्तीचा हक्क, आणि सार्वजनिक संशोधनातून निघालेल्या नफ्यात समाजाचा हिस्सा.

‘अशा अटी घातल्या तर कारखाने व्हिएतनामला जातील’ ही धमकी लगेच दिली जाईल. तिच्याबाबत तमिळनाडूचा अनुभव ताजा आहे. कामाचा दिवस बारा तासांपर्यंत नेऊ देणारी दुरुस्ती कर्नाटकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये केली. तमिळनाडू विधानसभेनेही २१ एप्रिल २०२३ रोजी तशीच दुरुस्ती मंजूर केली. सत्ताधारी द्रमुकच्या मित्रपक्षांनी, त्यांत डावे पक्ष होतेच, सभात्याग केला. कामगार संघटनांनी संपाची तयारी केली. तीन दिवसांत सरकारला अंमलबजावणी थांबवावी लागली आणि १ मे रोजी मुख्यमंत्री स्टालिन यांनी विधेयक मागे घेतल्याचे जाहीर केले. त्यानंतर फॉक्सकॉन श्रीपेरुंबुदूर सोडून गेली नाही; तेथील आयफोनचे उत्पादन वाढतच गेले.