स्वयंपाकघराला निसर्गाचे रंग देताना

स्वयंपाकघराचं काम काढायचं ठरलं की घरात कॅटलॉग येतात, मोबाइलवर फोटो फिरू लागतात आणि पांढरंशुभ्र, चकचकीत किचन सगळ्यांनाच आवडून जातं. पण त्या फोटोत कधी हळद सांडत नाही, चिंचेचा कोळ ओघळत नाही की मिरचीची फोडणी उडत नाही. तुमच्या ओट्यावर हे रोजच होतं. शिवाय असं काम पुन्हा पुन्हा निघत नाही आणि साठवलेले पैसे त्यात जातात. म्हणून दगड, लाकूड, माती यांचे नैसर्गिक रंग जरूर निवडा, पण त्याआधी आपल्या घरात काय शिजतं, याचा विचार करा.

ओट्याची लिंबू परीक्षा

संगमरवर, कोटा आणि कडप्पा दिसायला वेगवेगळे असले तरी तिन्हींत चुनखडीचा अंश मोठा असतो. लिंबू, चिंच, कोकम, दही, व्हिनेगर असं काहीही आंबट त्यावर राहिलं की तिथली चकाकी जाते. हा वरवरचा डाग नसतो, दगडच झिजलेला असतो. त्यामुळे कितीही घासलं तरी तो जात नाही, पॉलिशच करावं लागतं. ग्रॅनाइटला आंबटाची अशी भीती नसते. फिकट रंगाचा ग्रॅनाइट मात्र तेल शोषू शकतो, त्यामुळे त्याला सीलर लावून घ्या.

दुकानदाराकडून दगडाचा छोटा तुकडा मागून घरी आणा. त्यावर लिंबाचा रस, तेल आणि ओली हळद ठेवा. अर्ध्या तासाने पुसा. दाखवलेला काळा दगड ग्रॅनाइट आहे की कडप्पा, हेही लिंबाखालची जागा सांगून जाईल.

क्वार्ट्झच्या ओट्यात दगडाच्या चुऱ्याबरोबर रेझिन असतं. त्यावर गॅसवरून उतरवलेला कुकर थेट ठेवू नका, खाली लाकडी पाट किंवा स्टँड हवाच.

जुना कडप्पा फेकू नका

ओटा बदलताना निघालेला कडप्पा धड असेल तर गवंड्याकडून कापून घ्या. ओट्याखालच्या कप्प्यांना तो उत्तम. त्याला वाळवी लागत नाही, पाण्याने तो फुगत नाही आणि डब्यांचं वजनही पेलतो.

लाकूड कुठे, प्लाय कुठे

सागवानाचा उबदार रंग हवा असेल तर तो वरच्या कपाटांच्या दारांना द्या. बजेट कमी असेल तर प्लायवर सागाचं विनिअर लावता येतं. सिंकखाली मात्र साधा पार्टिकल बोर्ड वापरू नका, पाण्याने तो फुगतो. तिथे आयएस ७१० असा शिक्का असलेला मरीन प्लाय घ्या आणि सुताराकडून त्याच्या सगळ्या कडा सील करून घ्या. शिक्का स्वतः पाहा.

भिंती आणि फरशी

एकच खिडकी असेल तर भिंतींना साय, बदाम किंवा फिकट मातीचा रंग चांगला. पानांचा हिरवा एखाद्याच भिंतीला किंवा खालच्या कपाटांना द्या. रंगाचा नमुना भिंतीवर लावून सकाळच्या उजेडात आणि रात्री ट्यूबलाइटमध्येही पाहा, मगच ठरवा. गॅसमागे सहज पुसता येतील अशा टाइल्स लावा.

टेराकोटाच्या फरश्या सुंदर दिसतात, पण तेल शोषतात. त्या जेवणाच्या कोपऱ्यात किंवा बाल्कनीत लावा. ओट्यासमोर न घसरणारी, मॅट फिनिशची फरशीच बरी.

हळदीला घाबरू नका

पोळपाटावरचा किंवा लाकडी पाटावरचा हळदीचा डाग साबण लागताच लालसर होतो. हळदीचा तो गुणच आहे. धुऊन उन्हात ठेवा, डाग फिका पडतो.

निर्णय कोणाचा?

बऱ्याच घरांत दगड कंत्राटदार सुचवतो, पसंती बाकीचे देतात आणि स्वयंपाक करणारीला शेवटी विचारलं जातं. हा क्रम बदला. ऑर्डर देण्यापूर्वी दुकानात स्वतः जा, नमुन्यांवर हात फिरवून पाहा. ओट्याची उंचीही तुमच्याच मापाने घ्या. कोपरापासून चार ते सहा इंच खाली ओटा असला तर पाठीवर ताण कमी येतो. रोज तिथे तुम्हालाच उभं राहायचं आहे.